चार हातांचं काम

वयाची पंचावन्न उलटली, डोक्यावर औषधालाही काळा केस उरला नाही, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता हा कुणापेक्षा धाकटा, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं गिटार दुरुस्तीचं दुकान होतं. एक लांब टेबल, भिंतीवर टांगलेल्या दहा-बारा गिटारी, सरस गरम करायची छोटी शेगडी आणि लाकडाच्या भुशाचा वास. तो वास शर्ट कितीही धुतला तरी जायचा नाही. लग्न केलं नाही. 'इथं गिटारींचीच मनधरणी करता करता नाकी नऊ येतात,' असं म्हणायचा. दुपारी एक वाजता दुकानाला कुलूप घालून दोन गल्ल्या पलीकडे वहिनीकडे जेवायला जायचं, हा त्याचा पंचवीस वर्षांचा नेम. दादा होता तेव्हा दोघं भाऊ समोरासमोर बसत. दादा गेल्यावरही ताट पडायचं थांबलं नाही.

त्या मंगळवारी मात्र वहिनीच दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात लांबट काळी पेटी. धाकट्याच्या हातातली कानस जागच्या जागी थांबली. बावीस वर्षांत वहिनी या दुकानाची पायरी चढली नव्हती, आणि बावीस वर्षांत ती पेटी कपाटावरून खाली उतरली नव्हती.

"बघत काय बसलात? ते टेबल रिकामं करा," वहिनी म्हणाली. "हात भरून आलाय माझा."

त्यानं घाईनं पसारा बाजूला सारला. वहिनीनं पेटी ठेवली, स्टूल ओढलं आणि डावा कान त्याच्याकडे येईल अशी तिरकी बसली. उजव्या कानानं तिला कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं.

"रिपोर्ट आला," ती म्हणाली. "डाव्या कानाच्या आत गाठ आहे, नसेला धरून. काढली तर नस जाणार, नाही काढली तर मी जाणार. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही, बरं केलं. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. त्यानंतर मी ठार बहिरी."

"दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तर..."

"दोघांना दाखवलं. दोघंही तेच म्हणाले. लेक रजा टाकून आलीय. रडून झालंय आमचं सगळं, आता तुम्ही सुरू करू नका." तिनं पेटीवर हात ठेवला. "मला ही एकदा ऐकायचीय, भाऊजी. बुधवारी दवाखान्यात जाण्याआधी. माझ्या हातून मोडली ती. तिचा आवाज परत कानावर पडला नाही, तर तो मोडल्याचाच आवाज शेवटचा म्हणून राहील डोक्यात."

धाकट्यानं मान खाली घातली. पेटीची पहिली कडी त्यानं दोनदा उलट्या बाजूला ओढली. वहिनीला वाटलं, भावाची आठवण झाली असेल. चोराच्या मनात काय चालतं ते चोरालाच ठाऊक.

आत ती होती. बारा तारांची, विजेवर वाजणारी, दादापेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान. एका बंद पडलेल्या नाचघराच्या सामानातून दादानं ती मिळवली, तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं. वजनदार, किचकट, आणि सूर लावायचा म्हणजे बारा जावयांची समजूत काढायची. अकरावा हसायला लागला की पहिला पुन्हा रुसलेला. पण लागली की लागली. प्रत्येक सुराला जोडी. वरच्या दोन जोड्या एका सुरात, खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिची सोबतीण एक सप्तक वर. एक माणूस वाजवतोय असं वाटायचंच नाही. कडांवरचा लाल रंग उडून विटकरी झाला होता, आणि दादाचा उजवा कोपर जिथं टेकायचा तिथलं पॉलिश जाऊन खालचं लाकूड उघडं पडलं होतं. एकदा धाकट्यानं तिथं पॉलिश मारायचा विषय काढला तर दादा म्हणाला होता, "हात लावलास तर हात मोडीन. तो डाग नाही, ती माझी जागा आहे."

आणि दादाची शिस्त अशी, की वाजवून झालं की बाराच्या बारा तारा दीड-दीड फेरा सैल करायच्या. जुन्या मानेवर ओढ ठेवून झोपायचं नाही. तो ढिल्या होत जाणाऱ्या तारांचा उतरता कण्हण्याचा आवाज वहिनीला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि मग ती पानं घ्यायची.

"हे बघा," वहिनी आज एकदम म्हणाली, आणि तिनं गिटारच्या डोक्यावरच्या छोट्या पांढऱ्या झाकणावर बोट फिरवलं. झाकणाला तीन स्क्रू होते, आणि तिन्हींच्या खाचा सरळ उभ्या, एका रेषेत. "ह्यांचाच हात. घरातला एक स्विचबोर्ड बघा, एक बिजागरी बघा. खाच आडवी राहिली तर ह्यांना घास उतरायचा नाही." ती हसली आणि डोळे पुसले. "एवढं नेटकं माणूस. आणि मी त्यांची गिटार उन्हात टाकून आईशी गप्पा मारत बसले."

ती गेल्यावर धाकटा त्या तीन स्क्रूंकडे बघत राहिला. त्याची पाचावर धारण बसली होती.

कारण ते झाकण शेवटचं त्यानं लावलं होतं, बावीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी. आणि घाईत तिन्ही खाचा तीन दिशांना तोंड करून राहिल्या होत्या. एक स्क्रू तर पुरता आतही गेला नव्हता.

त्या शनिवारी काय झालं ते आता सांगायलाच हवं. संध्याकाळी मोठ्या सभागृहात दादाचा कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन बसणार होता. त्याला बारा तारांवाला हवा होता, वर्षभराच्या दौऱ्यासाठी. सोळा वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळाचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला असा माणूस आयुष्यात एकदाच भेटतो. दादानं सकाळी गिटार दुकानात ठेवली आणि बजावलं, "मान जराशी पुढे आलीय. पण तू एकटा नट फिरवू नकोस. मी दुपारी येतो, मग करू. हिला चार हात लागतात."

ते खरंच होतं. साध्या गिटारीच्या मानेत एक सळई असते. नट पिळला की मान सरळ होते, संपलं. हिच्या मानेत दोन सळया, शेजारी-शेजारी, आणि त्यांची जातच वेगळी. आधी एकानं मान हातांनी दाबून हवी तशी बसवायची, तशीच धरून ठेवायची, आणि मग दुसऱ्यानं नट नुसता टेकवायचा, जागा राखण्यापुरता. सळई इथं राखण करते, काम करत नाही. तिच्याकडून काम करून घ्यायला गेलं तर ती मान सरळ करत नाही, मानेवरची बोटं टेकवायची पट्टीच उखडून काढते.

धाकट्याचं दुकान तेव्हा तीन वर्षांचं. साठ-सत्तर गिटारी हाताखालून गेलेल्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला एवढं पुरतं. दादा येईपर्यंत काम उरकून ठेवू, तोंडात बोट घालायला लावू, असं त्याच्या मनात आलं. त्यानं झाकण काढलं आणि एकट्यानं नट पिळला. एक फेरा. दुसरा. दुसऱ्याच्या शेवटी 'टक्' असा आवाज आला आणि काळ्या लाकडाची पट्टी डोक्याच्या बाजूनं नखभर वर उचलली गेली.

सरस उकळायला, लावायला, वाळायला दोन दिवस लागतात. हातात दोन तास होते. त्यानं ट्यूबमधला तो क्षणात चिकटणारा गोंद फटीत सोडला, दाबून धरला, झाकण कसंबसं लावलं. तेवढ्यात दादाचा निरोप आला, कचेरीतून सुटका नाही, वहिनी गाडी घेऊन येतेय, तिच्याकडे दे. धाकट्यानं दिली. 'झालं का काम?' वहिनीनं विचारलं. 'झालं,' तो म्हणाला.

वहिनी वाटेत माहेरी थांबली. आई आजारी होती. पेटी गाडीच्या डिकीत, गाडी भर उन्हात, दोन तास.

दुसऱ्याच गाण्यात गोंद सुटला. भरल्या सभागृहात लाकूड उकलल्याचा आवाज झाला आणि बारा तारा एकदम सैल पडल्या. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्या अंगावर काटा आला. मध्यंतरात रेकॉर्ड कंपनीचा माणूस निघून गेला. आत सगळे पेटीभोवती जमले. जुना सरस उन्हानं सुटतो, हे वाद्यवाल्यांचं शेंबडं पोरही सांगेल. "उन्हात होती का कुठं?" कुणीतरी विचारलं, आणि वहिनीनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. धाकटा तिथंच उभा होता, खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

चार दिवसांनी त्यानं उसनं अवसान आणून म्हटलं होतं, "दादा, दे ती. मी बसवून देतो." दादानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं होतं. मग म्हणाला, "राहू दे. वस्तूपेक्षा माणूस मोठा." वहिनी दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर ते वाक्य तिनं किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही. शेजारणींना सांगितलं, लेकीला सांगितलं, दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. 'एवढं नुकसान केलं मी त्यांचं, पण एका शब्दानं बोलले नाहीत. वस्तूपेक्षा माणूस मोठा म्हणाले.' त्याच वाक्याच्या आधारावर ती उभी होती. दादानं पुन्हा कधी गिटार हातात घेतली नाही. कचेरीत गेला, निवृत्त झाला, तीन वर्षांपूर्वी झोपेत गेला.

आता धाकट्यानं स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आतले दोन्ही नट सैल होते. त्यानं दोन फेरे पिळलेला नट कुणीतरी हलक्या हातानं परत सोडला होता. पट्टीच्या कडेला बाहेर आलेला, काचेसारखा वाळलेला गोंद पात्यानं खरवडून काढलेला होता, खालच्या लाकडाला ओरखडासुद्धा न पाडता. पट्टी उचलून बघितली तर आत निम्म्या भागात जुना तपकिरी सरस आणि निम्म्या भागात तो चकचकीत गोंद. आंधळ्यानं हात फिरवला तरी कळेल. आणि दादा काही आंधळा नव्हता.

म्हणजे दादानं त्याच आठवड्यात सगळं बघितलं होतं. बघितलं, पुसलं, खाचा उभ्या करून झाकण लावलं, आणि पेटी कपाटावर टाकली. एका बाजूला भाऊ, एका बाजूला बायको. आपलेच दात नि आपलेच ओठ. मग त्यानं बायकोच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहू दिलं. ती स्वतःहून घेऊन उभी होती ना, मग राहू दे. आणि पुढची एकोणीस वर्षं रोज दुपारी एक वाजता समोर बसून तो धाकट्याला म्हणत राहिला, "वाढून घे रे, लाजतोस काय."

माणूस मोठा, तो कुठला माणूस, हे धाकट्याला त्या दुपारी दुकानात कळलं. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं रडणं बघण्यासारखं नसतं. बरं, कुणी बघायला नव्हतं.

सांगायला तर हवंच होतं. आठ दिवस होते. आठ दिवसांनी तिला सांगून ऐकू येणार नव्हतं. पण सांगायचं म्हणजे निम्मं सांगता येईना. 'मी मोडली' म्हटलं की दादाचं काय, हा प्रश्न येणार. वहिनीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं, तर तिच्या मनातला नवरा काढून घ्यावा लागणार. विधवेकडे उरलेली ती एकच चीज, ती आपण हिसकावायची? असं तो स्वतःला समजावत होता. खरं सांगू? ही सगळी कसरत त्याच्या सोयीची होती. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या भल्याचं निमित्त मिळालं की तो सुटलाच.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. इस्त्रीची धग देत पट्टी पूर्ण सोडवली. आपला तो गोंद पात्यानं कण-कण खरवडला. दोन दिवस त्यातच गेले, नखं फुटली. सरस भिजत घातला, मंद शेगडीवर पातळ केला, लावला, सहा क्लॅम्प घालून तीन दिवस हात लावला नाही. कोपराच्या डागाला फडकंसुद्धा लागू दिलं नाही. रोज दुपारी जेवायला जायचा. वहिनी विचारायची, "होईल ना?" तो म्हणायचा, "होईल." शुक्रवारी त्यानं घास हातात धरून "वहिनी, एक सांगायचं होतं" अशी सुरुवात केली. ती पटकन डावा कान पुढे करून वाकली, आणि तो कान बघूनच त्याचं धैर्य गळालं. "मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला. त्या माउलीनं उठून मीठ आणून दिलं.

बुधवारी तीन वाजता वहिनी आली. सोबत छोटी बॅग. इथूनच दवाखान्यात भरती व्हायला जायचं होतं, लेक पुढे गेली होती. बारा तारा चढल्या होत्या, फक्त मान बसवायची राहिली होती.

"वहिनी, हात लागेल तुमचा," तो म्हणाला. "हिचं काम चार हातांचं आहे. एकट्यानं होत नाही."

"मला काय येतंय त्यातलं?"

"फक्त दाबून धरायचं. मी सांगतो तसं."

तिनं बांगड्या मागे सारल्या, एक तळवा मानेच्या मध्यावर ठेवला, दुसरा डोक्याखाली, आणि दाबलं. तो डोळा लावून लाकडाची रेषा बघत होता. "अजून. अजून थोडं. बस, सोडू नका." त्यानं नट टेकवले, पाव फेरा, बस. दोघांची डोकी एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती. याहून चांगली वेळ देवानंसुद्धा दिली नसती.

"वहिनी."

"हं?"

"काही नाही. सोडा आता, हळू."

मग तो झाकण लावायला लागला. "खाचा उभ्या ठेवा," वहिनी म्हणाली. "मी आणली तेव्हा होत्या तशाच." त्यानं ठेवल्या.

धाकटा दादाच्या पासंगालाही पुरणारा वाजवणारा नव्हता. पण ती गिटार अशी, की साधा तीन बोटांचा मेळ धरला तरी खोली भरून जायची. वहिनी स्पीकरपासून हातभर अंतरावर डावा कान लावून बसली. त्यानं सावकाश, एकेक जोडी सुटी ऐकू येईल असं वाजवलं. जाड तार आणि तिच्या डोक्यावर ती बारीक, लहान मुलीच्या गळ्यासारखी. वहिनी हलली नाही. गालांवरून पाणी येत होतं ते तिनं पुसलंही नाही. वीस मिनिटं झाली, त्याची बोटं कापली गेली, तरी तो थांबला नाही.

"पुरे," शेवटी तीच म्हणाली. "आता उतरवा. ते उतरवायचे तशा."

त्यानं एकेक खुंटी दीड फेरा सैल केली. तारा एकामागून एक कण्हत खाली आल्या. वहिनी बोटांवर मोजत होती. "बारा," ती म्हणाली, आणि बॅग उचलून उठली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, ऐकणं गेलं. अठरा दिवसांनी धाकटा पुन्हा दुपारी एक वाजता तिच्याकडे गेला. पुतणी दार उघडून औषधं आणायला खाली उतरली. जाताना सांगून गेली, "काका, वही ठेवलीय टेबलावर. जे बोलायचं ते लिहून दाखवा. आणि ती मोठ्यानं बोलेल, दचकू नका. तिला स्वतःचा आवाज कळत नाही."

वहिनी बारीक झाली होती, डोक्याला पट्टी होती, पण पानं तिनंच घेतली. ताट वाढलं, समोर बसली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लय मोठं काम केलंत माझं. पडल्या पडल्या मी विचार करत होते. मी ह्यांचं वाजवणं घालवलं, देवानं माझं ऐकणं नेलं. हिशेब बरोबर आहे. मला आता वाईट वाटत नाही. फिटलं."

धाकट्याच्या हातातला घास ताटात पडला.

माणूस आपलं पाप बावीस वर्षं पचवतो. पण त्या पापाची शिक्षा दुसरं कुणी हसतमुखानं भोगून 'फिटलं' म्हणतंय, हे पचत नाही. त्यानं हात धुतले, वही ओढली आणि लिहिलं. पेन्सिलीचं टोक दोनदा तुटलं. 'उन्हानं नाही मोडली. मी मोडली. त्या दिवशी सकाळी दादाचं न ऐकता एकट्यानं नट पिळला. पट्टी उखडली. खोटा गोंद लावला, घाईघाईत झाकण लावलं आणि तुमच्या हातात दिली. तुमचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता.'

तिनं वही जवळ घेतली. वाचताना तिचे ओठ हलत होते. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"ह्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

त्यानं पेन्सिल घेतली. या एका प्रश्नासाठी त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं. 'नाही,' त्यानं लिहिलं.

वहिनीनं मोठा श्वास सोडला. "तेवढं बरं," ती म्हणाली. "तेवढं तरी बरं." तिनं डोळे पुसले, सवयीनं डाव उचलला, त्याच्या ताटात वाढायला वाकली, आणि तिथंच थांबली. डाव भांड्यात परत ठेवला. आतल्या खोलीत गेली आणि लेकीनं दुकानातून आणून ठेवलेली पेटी घेऊन आली. जमिनीवर बसून तिनं कड्या उघडल्या, आणि अंगठा त्या तीन स्क्रूंवरून फिरवला. वरून खाली, एक, दोन, तीन.

"घाईघाईत लावलं म्हणता," ती म्हणाली. "मी तुमच्या दुकानात आणली तेव्हा खाचा उभ्या होत्या. मीच बोटानं दाखवल्या तुम्हाला. मग तुमच्यानंतर हे कुणी उघडलं?"

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. वही उघडीच होती. त्यानं पेन्सिल उचलून 'नाही'वर एक आडवी रेघ मारली. पेन्सिल वहीवर ठेवून दिली.

वहिनी त्या रेघेकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माणूस मोठा म्हणाले, ते माझ्याबद्दल नव्हतं."

त्यानं होकाराची मान हलवली.

तिनं पेटी बंद केली. उठली, हात धुतले, आणि त्याचं अर्धं राहिलेलं ताट त्याच्यासमोर पुन्हा सरकवलं.

"जेवा," ती म्हणाली. "दोघंही रोज माझ्या हातचं जेवलात. समोरासमोर बसून."

ती हे केवढ्यानं बोलली ते तिला कळलं नाही. औषधं घेऊन जिना चढणारी लेक मधल्या पायरीवर थांबली.